उन्हाळ्याचा तो मेसेज आणि मांजराचं यकृत

पारा चाळिशीपार गेला की भुसावळपासून नंदुरबारपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज फिरायला लागतो. ‘कुत्र्या-मांजरांसाठी पाच खात्रीशीर उन्हाळी उपाय, पुढे पाठवा.’ उपाय असे: ताप वाटला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी, लू लागू नये म्हणून कच्चा कांदा, गोचिडांवर बैलांचं औषध, अंगावरचे केस साफ भादरा, आणि घराबाहेर न जाणाऱ्या जनावराला रेबीजची लस नको. आता भाचीनेही पाचोऱ्याहून तो पाठवलाय. खाली एकच ओळ: ‘मामा, मनीचं अंग गरम लागतंय, अर्धी गोळी देऊ का?’

नाही. अर्धी नाही, पाव नाही, चाटवायचीसुद्धा नाही.

मुळात अंग गरम लागणारच. मांजराचं नेहमीचं तापमान १०० ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपलं ९८.६ च्या आसपास. आपल्या हाताला निरोगी मांजरही तापलेलं वाटतं. ताप बघायचा तर थर्मामीटर गुदद्वारातून लावावा लागतो, कपाळाला हात लावून कळत नाही.

आता गोळीचं. माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा बराचसा भाग ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करतं आणि लघवीवाटे काढून टाकतं. हे काम करणारं विकर (एन्झाइम) मांजरात जवळपास नसतंच. मग औषधाचे विषारी तुकडे तांबड्या पेशींवर तुटून पडतात, रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि जनावर श्वास घेत असूनही आतून गुदमरतं. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. हिशेब करा: ५०० ची अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम, मांजर साडेतीन किलोचं. किलोमागे ७१ मिलिग्रॅम झाले. घरात ६५० ची गोळी असेल तर ९३. जगभरचे पशुवैद्य ज्याचा आधार घेतात त्या मर्क व्हेटरनरी मॅन्युअलमध्ये हे औषध मांजरांना वर्ज्यच सांगितलंय. मेसेजवाल्याने ते उघडलं असतं तर बरं झालं असतं.

कुणी आधीच दिली असेल तर ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असायला हव्यात. तपकिरी किंवा निळसर दिसल्या, तोंड किंवा पंजे सुजले, लाळ गळायला लागली, तर वेळ हातातून चाललीय. पण लक्षणांची वाट बघत बसू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. गोळीचं पाकीट, दिल्याची वेळ आणि मांजराचं वजन घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो माणसांच्या दवाखान्याजवळच्या मेडिकलवरही मिळू शकतो. डोस मात्र डॉक्टरनेच ठरवायचा.

शिवाय ऊन लागणं म्हणजे ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच आपलं तापमान वर नेतं; उष्माघातात बाहेरची उष्णता आत कोंडते. तिथे तापाची गोळी कुत्र्यालाही उपयोगाची नाही. कुत्रा सारखा धापा टाकतोय, हिरड्या लालभडक, चाल लडखडतेय, अशा वेळी आधी सावली, मग अंगभर साधं पाणी आणि त्यावर कूलरचा किंवा पंख्याचा वारा. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि अंग निवतं. ओलं गोणपाट अंगावर टाकून विसरू नका, खालची उष्णता तिथेच अडकते. तापमान १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका. सावरल्यासारखा वाटला तरी दवाखान्यात दाखवाच. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं नाही, लगेच उचला.

बैलांच्या गोचिडाच्या औषधाची गत तीच, आणि मांजराच्या बाबतीत कारणही बऱ्याच अंशी तेच यकृत. अर्धसत्य एवढंच, की डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधं पशुवैद्य कुत्र्यांना देतात, पण लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून, मोजून. ‘एक झाकण बादलीत’ हे प्रमाण नव्हे. कृषी केंद्रातलं कपाशीवर फवारायचं सायपरमेथ्रिन तर कुणालाच नको. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन अशा परमेथ्रिनच्या गटातलं काहीही मांजराच्या अंगावर पडलं की कान फडफडतात, अंग थरथरतं, पुढे झटके येतात. कुत्र्याला लावलेलं औषध मांजर चाटूनही घेतं, म्हणून औषध पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. लागलंच, तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा. गरम पाण्याने औषध जास्त मुरतं, गार पाण्याने मांजर थंड पडतं.

एरवी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल, काडी, चुना काही नको. आणि फक्त कुत्र्यावर उपचार करून भागत नाही. धाब्याच्या घरात भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे, खाटेचे सांधे, अंडी तिथेच असतात.

कांदा. खिशात ठेवायचा तर ठेवा, तुमचा खिसा. पण मांजराला किलोमागे ५ ग्रॅम आणि कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम कांद्याने तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे चार किलोच्या मांजराला मध्यम कांद्याची एक फोड पुरे. शिजवून, वाळवून, भाजून हे विष जात नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा पोळीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवायची आपली सवय त्यामुळेच वाईट, आणि भरितात तर कांद्याची पात न् लसूण दोन्ही. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: पांढरट हिरड्या, गडद लाल-तपकिरी लघवी. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

केसांबद्दल थोडं खरं आहे. गुंता झालेले केस कापा, पोटाखालचे छाटा. पण लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, स्पिट्झ यांचा दुहेरी कोट, म्हणजे वरचे लांब केस आणि आतली मऊ लव, कातडीपर्यंत भादरू नका. तो उन्हालाही अडवतो.

राहिली रेबीजची लस. घरातली मांजरंही धाब्यावरून शेजारी जातात आणि बाहेरचं कुत्रं ओट्यापर्यंत येतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली, मग पशुवैद्य सांगेल तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. कुणाला चावलं, ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. तिखट, हळद, चुना लावू नका. तेवढ्यात दुसऱ्याला गाडी काढायला सांगा. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळतं.