जुलैमधला कंगवा

आजच्या मुलांचे लक्ष एका जागी ठरत नाही म्हणून त्यांना प्रात्यक्षिकांची ओढ असते, हे एका लेखात वाचलेले निदान मला पटले नाही. दादरच्या एका शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवताना मला दिसले ते असे, की माहिती या मुलांच्या मोबाइलवर फुकट असते, पण तिथला प्रत्येक प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी होतो.

एका जुलैत सातवीच्या मुलांनी केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ धरला आणि कपटे जागचे हलले नाहीत. व्हिडिओत तर ते उडत होते! कंगवे बदलून, भांडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी एका मुलीने घरून हेअर ड्रायर आणला (मुख्याध्यापकांना अर्थातच कळवले नाही), कंगवा आणि कपटे कोरडे केले, तेव्हा कुठे दोन-तीन कपटे चिकटले. मुंबईच्या दमट हवेत पृष्ठभागावर बाष्पाचा पातळ थर बसतो आणि विद्युतप्रभार त्यातून निसटतो, हे मला फळ्यावर लिहावे लागले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात १० दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याबरोबर काम करण्यासाठी सुचवले आहेत. सूचना चांगलीच आहे; मात्र ज्या प्रयोगशाळेत साठ मुलांमागे एकच संच असतो, तिथे निरीक्षणे अजूनही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जातात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात.