सिंकमध्ये कोणी काय टाकलं

मुंबईतल्या घरात सिंक तुंबलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणी टाकलं?’ काय टाकलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि चौकशीअंती असं निघतं की कुणीच काही टाकलेलं नाही. भाताची शितं आपण होऊन गेली, चहाचा चोथा गाळणीतून स्वतःच्या पायांनी उतरला, परातीची कणीक ‘विरघळेल की’ या भरवशावर रवाना झाली. कणीक विरघळत नाही. पिठूळ पाणी पुढे जातं, चिवट लगदा मागे राहतो. त्यावर गरम पाण्याबरोबर पातळ होऊन आलेलं तूप पाइपात गार होऊन थिजतं. खोबरेल तर साधारण २४ अंशांखालीच गोठतं, म्हणजे मुंबईची जानेवारीतली रात्र त्याला पुरते. यात भांडी घासायच्या काथ्याचे तंतू मिसळले की भिंत लिंपायच्या मातीत भुसा कालवावा तसा पक्का माल तयार.

न्हाणीघराचा कारभार वेगळा. तिथे एरवी केस आणि साबण पुरतात, पण दिवाळीत आपण विशेष मेहनत घेतो. तेल, त्यावर उटण्याचा चोळ, वर पायाखाली फोडलेलं कारीट. नरकासुराचा वध होतो आणि सगळा ऐवज नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, मुक्कामाला जातो. गणपतीत बादलीत विसर्जन करणाऱ्यांनी तर शाडूचं पाणी मोरीत ओतूच नये. गाळ बसू द्यावा, वरचं पाणी अलगद काढून घ्यावं आणि माती कुंडीत घालावी. शाडू पाइपाच्या वळणावर बसला की पुढच्या वर्षी लवकर येतो.

आता उपाय. खायचा सोडा आणि व्हिनेगर हा सर्वांत लोकप्रिय, कारण फेस येतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, बुडबुडे उडतात, मागे किंचित खारट पाणी उरतं. समाधान बघणाऱ्याचं होतं, सिंकचं नाही. कॉस्टिक सोड्याची पूड मात्र खरंच चरबी आणि केस कापते. अडचण अशी की तुंबलेल्या पाण्यात ती नेमकी जागेवर पोचत नाही आणि पाणी कमी पडलं तर तळाशी दगड होऊन बसते. मग माणूस वैतागून वरून टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओततो. असं कधीही करू नये, उकळी फुटल्यासारखं पाणी अंगावर उडतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, तो त्याहून वाईट. पूड टाकली असेल तर येणाऱ्या प्लंबरला आधी सांगावं. त्यालाही डोळे असतात. उकळतं पाणीही नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. हाताला सोसेल इतकं गरम पुरे.

माझं मत विचाराल तर पुड्यांवर खर्चण्यापेक्षा रबरी पंप घ्यावा. त्याची वाटी बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये ठेवावं. बेसिनच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने दाबावं. नाहीतर सगळा जोर तिथून निसटतो आणि आपण नुसताच व्यायाम करतो. पंधरा-वीस दणके द्यावेत, आणि ओढताना जोर जास्त लावावा.

त्याने हललं नाही तर खाली वाकावं लागतं. बेसिनखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी डबी, असतो. खाली बादली ठेवायची, तळाची वाटी हाताने फिरवून उघडायची, चिखल काढायचा, वॉशर जागच्या जागी बसवून पुन्हा आवळायची. उघडलेली वाटी त्याच बेसिनच्या नळाखाली धुवायला नेणारे लोक बहुधा उच्चशिक्षित असतात.

किचन सिंकखाली बऱ्याच घरांत नुसती लवचीक, चुण्यांची नळी असते. प्रत्येक चुणीत तुपाचा एक थर. त्यात ती मधे पोट सोडून लोंबत असेल तर तिथे पाणी कायमचं साठतं. खालचं टोक ट्रॅपमध्ये फार खोल खुपसलं असेल तर वाट अडते. अशी नळी धुण्यात वेळ घालवू नये. स्वस्त असते, बदलावी, आणि उरलेली लांबी ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून गुंडाळून ठेवण्याऐवजी कापून टाकावी.

नहाणी ट्रॅपची जाळी उचलली की आत एक उपडी वाटी असते. ती काढली की पाणी भराभर जातं, म्हणून काही लोक ती काढूनच ठेवतात. त्या वाटीभोवती साधारण पन्नास मिलिमीटर पाणी उभं राहतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात गावी गेलात की हे पाणी सुकतं, आणि परत आल्यावर घरात नवे भाडेकरू दिसतात. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल घालावं. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. एरवी ज्या तेलाला मोरीत मज्जाव, त्याला एवढी एकच सवलत.

आणि सिंकमध्ये सोडलेलं पाणी न्हाणीतून वर येत असेल तर दोष पुढच्या, दोघांच्या सामाईक पाइपात आहे. तिथे प्लंबरची लांब स्प्रिंगच लागते. तळमजल्यावर, आपण नळही न उघडता पाणी वर आलं तर ते वरच्या मजल्यांचं. म्हणजे इमारतीचं सांडपाणी जमा होणारं चेंबर भरलंय आणि प्रकरण सोसायटीचं आहे. झाकण उघडून वरूनच रॉड मारायला लावावा, माणूस आत उतरवू नये; सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून सफाई करून घ्यायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. रॉड फिरत असताना वरच्यांनी आंघोळी आवराव्यात अशी नोटीस लिफ्टमध्ये लावावी. गेटवरची कुणी वाचत नाही.