बाळ पायाळू आहे म्हणजे सिझेरियन ठरलंच, असं नाही

“बाळ पायाळू म्हणजे सिझेरियनच. डॉक्टरांनी बाहेरून बाळ फिरवणं जीवघेणं. त्यापेक्षा जुन्या सुईणीकडून पोट चोळून घ्या. शिवाय पायाळू मुलाला विजेचं भय.” हा निरोप सध्या गोव्यात डिचोली-फोंड्याकडे मोबाइलवरून फिरतोय. सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुली तो वाचून रडकुंडीला येतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

विजेच्या गोष्टीला कसलाही आधार नाही. गरोदर बाईला ती ऐकवू नका.

सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू, म्हणजे डोकं वर आणि पाय किंवा ढुंगण खाली असं दिसलं, तर ती त्या दिवसाची स्थिती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चारपाच बाळांत एकाचं डोकं वरच असतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. खरा विचार छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास करायचा.

आता बाळ फिरवण्याबद्दल. याला ईसीव्ही म्हणतात. आधी सोनोग्राफी होते, बाळाचे ठोके तपासतात, गर्भाशय सैल पडावं म्हणून बहुधा औषध देतात आणि डॉक्टर पोटावरून हातांनी बाळाला हळूहळू वळवतात. दुखतं, काही जणींना बरंच दुखतं. थांबा म्हटलं की थांबतात. निम्म्या वेळा बाळ फिरतं, दुसरेपणाला जास्त. लगेच सिझेरियन करावं लागण्याची वेळ सुमारे दोनशेत एकदा येते, म्हणून ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच हे करतात. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा जुळी असतील, तर सहसा करत नाहीत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा.

सुईणीच्या चोळण्यात यातलं काहीच नसतं. वार कुठे आहे ते दिसत नाही, बाळाचे ठोके कुणी ऐकत नाही. अनुभवी सुईणींबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही हे करून घेऊ नका.

“सिझेरियनच” हा शब्द 2000 सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर जगभर पक्का झाला. त्यात पायाळू बाळांचे दोन गट होते, नियोजित सिझेरियन आणि नियोजित योनीमार्गे प्रसूती, आणि सिझेरियन बाळासाठी सुरक्षित ठरलं होतं. पुढे त्याच बाळांना दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा मृत्यू आणि वाढीतले दोष मिळून दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तरी धोका सारखा नाही: ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार एकोणचाळिसाव्या आठवड्यानंतरच्या नियोजित सिझेरियनमध्ये हजारात सुमारे 0.5 बाळं दगावतात, पायाळू बाळाच्या नियोजित योनीमार्गे प्रसूतीत सुमारे 2. पाय खाली लोंबत असतील, बाळ फार मोठं असेल किंवा अशा प्रसूतीत हात बसलेला डॉक्टर नसेल, तर सिझेरियनच बरं. पण पुढची बाळंतपणं गर्भाशयावरच्या सिझेरियनच्या व्रणासह होतात, हेही तोलायला हवं.

म्हणून तपासणीला जाताना थेट विचारा: इथे ईसीव्ही करता का? पायाळू प्रसूती कोण करतं, आणि रात्री तो डॉक्टर असतो का? नाही म्हटलं, तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दुसरं मत घ्या. खर्चाच्या धाकाने गप्प राहू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत.

बाळ पायाळू असताना पाणी गेलं तर कळांची वाट न पाहता 108 ला फोन करा. नाळ खाली घसरू शकते. आणि जन्म कसाही झाला, तरी शेवटपर्यंत पायाळू राहिलेल्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करून घ्या.