रचना कळली म्हणजे काम कळलं, असं नाही

‘अल्फाफोल्डनं २० कोटी प्रथिनांच्या रचना सोडवल्या. आता स्फटिक वाढवत बसायची गरज नाही. रचना मिळाली की अनोळखी प्रथिनाचं कामही कळतं,’ हा मजकूर २०२४च्या नोबेलपासून फिरतोय. अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून तिची त्रिमितीय घडी, म्हणजेच रचना, वर्तवणारी एआय प्रणाली. तिच्यासाठीचं नोबेल रास्तच होतं. पण यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

‘सोडवल्या’ नाहीत, वर्तवल्या. अल्फाफोल्ड स्वतःच रचनेच्या प्रत्येक भागाला खात्रीचे गुण देतं, आणि काही भागांना ते फार कमी मिळतात.

स्फटिकांची गरज? प्रथिनाचा स्फटिक वाढवून त्यावर क्ष-किरण सोडले की रचना प्रयोगातून मिळते. १९९८ साली बर्कलीत सुंग-हू किम यांच्या गटानं एमजे०५७७ या प्रथिनाचा स्फटिक तपासला. प्रथिन समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतल्या एका आर्कियाचं (जिवाणूंसारख्या एकपेशीय सूक्ष्मजीवाचं), पण तयार करून घेतलेलं ई. कोलाय जिवाणूकडून. काम अज्ञात. क्ष-किरणांनी मिळालेल्या नकाशात खाचेत चक्क एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू बसलेला दिसला! तो कुणी घातला नव्हता, ई. कोलायच्या पेशीतूनच सोबत आला होता. पुढच्या प्रयोगांची दिशा त्यानंच दाखवली. २० कोटींच्या त्या साठ्यात नुसती प्रथिनाची साखळी असते, असा पाहुणा सापडत नाही. अल्फाफोल्डची नवी आवृत्ती रेणू बसवून दाखवते खरी, पण कुठला रेणू ते आपण सांगायचं. अडतं नेमकं तिथेच.

आणि ‘कामही कळतं’ हे तर सर्वांत दिशाभूल करणारं. ई. कोलायमधलं बायोएच हे प्रथिन घ्या. बायोटिन हे ब जीवनसत्त्व बनायला ते लागतं हे माहीत होतं. ते करतं काय, हे नव्हतं. २००३ मध्ये रचना मिळाली. साखळीत एकमेकांपासून लांब असलेली ८२वं सेरीन, २०७वं अ‍ॅस्पार्टेट आणि २३५वं हिस्टिडीन ही अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे दुवे, घडीत शेजारी आली होती. एस्टरचा (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणाऱ्या संयुगाचा) बंध तोडणाऱ्या एन्झाइमांची ही ओळखीची खूण. चाचणीत बायोएचनं एस्टर तोडलेही. म्हणजे कात्री आहे हे कळलं, पण पेशीत ती कापते काय? ते कळायला २०१० उजाडलं. जॉन क्रोनन यांच्या गटानं जीवरासायनिक प्रयोगांतून दाखवलं की बायोटिन ज्यापासून बनतं त्या अर्धवट कार्बन-साखळीला तात्पुरता एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) एस्टर बंधानं चिकटवलेला असतो, आणि साखळी पुरेशी लांब झाली की बायोएच तो काढून टाकतं. २०१२ मध्ये त्या ८२व्या सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन घालून कात्री बोथट केली आणि पुन्हा स्फटिक वाढवला. तोच मिथाइल एस्टर खाचेत न कापलेला सापडला.