उपग्रह नकाशावरचे निळे ठिपके आणि सह्याद्रीतले पाणी

उन्हाळा तोंडावर आला की डोंगरभटक्यांमध्ये एक मजकूर हातोहाती पुढे जाऊ लागतो. त्याचा आशय असा: मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा, निळे दिसते तिथे पाणी असते, भर उन्हाळ्यात हिरवे दिसते तिथे झरा असतो, जे वरून दिसत नाही ते नसतेच, आणि आता तर उपग्रहांना जमिनीच्या पोटातले पाणीही दिसते, तेव्हा वाटाड्या नको आणि पाठीवर पाण्याचे ओझेही नको. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, आणि निघण्यापूर्वी नकाशा पाहावा हा त्यातला सल्ला पूर्णपणे योग्य आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत कातळकड्यांच्या भागात पाण्यावाचून अडकणे जिवावर बेतू शकते, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘निळे दिसते तिथे पाणी’ हे पहिले विधान. मोबाइलवरील नकाशातील निळी रेघ हे पाण्याचे छायाचित्र नसते. ती कोणीतरी आखलेली असते, किंवा भूभागाच्या उंचीच्या आकडेवारीवरून संगणकाने काढलेली असते. उतार कुठून कुठे जातो हे कळले की पाणी वाहिलेच तर कोणत्या मार्गाने वाहील हे गणिताने सांगता येते, पण ते वाहत आहे की नाही हे त्या गणितात येत नाही. सह्याद्रीत जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, कठीण कातळावर तो फारसा मुरत नाही, आणि वरच्या अंगाचे बहुतेक ओढे-ओहोळ हिवाळा सरता सरता कोरडे पडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांत कोरडा प्रवाह काळ्या रेघेने आणि पाणी असलेला निळ्या रेघेने दाखवण्याची पद्धत आहे; मोबाइलवरच्या अनेक नकाशांत हा भेदच उरत नाही, सगळेच ओढे सारख्याच निळ्या रंगात दिसतात. मोठ्या जलाशयांचीही तीच गत आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाचा निळा आकार नकाशात बारा महिने तेवढाच असतो, पण मे महिन्यात पाण्याची कड बरीच मागे सरकलेली असते आणि मधे चिखलाचा पट्टा पडलेला असतो.

छायाचित्र म्हणून जे दिसते तेही आजचे नसते. नेहमीच्या वापरातील उपग्रह नकाशा हा वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या प्रतिमा जोडून केलेला असतो, त्यामुळे एका डोंगराची प्रतिमा ऑक्टोबरमधील आणि शेजारच्या डोंगराची मार्चमधील असू शकते. ऑक्टोबरच्या प्रतिमेत काठोकाठ दिसणाऱ्या डबक्यावर विसंबून मे महिन्यात निघणे धोक्याचे आहे. येथे उपग्रहांचा खरा उपयोगही सांगितला पाहिजे: गूगल अर्थमध्ये जुन्या प्रतिमा तारखेनिशी पाहता येतात, आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा दर काही दिवसांनी विनामूल्य मिळतात. तळे लागोपाठ तीन-चार वर्षांच्या एप्रिलअखेरच्या प्रतिमांत भरलेले दिसत असेल, तर त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. एका प्रतिमेवरून असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘उन्हाळ्यात हिरवे तिथे झरा’ या विधानात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. पानगळीच्या रानात उतारावर एकच अरुंद हिरवी पट्टी उरलेली दिसली, तिथे उंबर, जांभूळ, करंज असे वृक्ष असले, तर खाली ओल असण्याची शक्यता खरोखर जास्त असते. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. त्यांतील सच्छिद्र किंवा भेगाळ थरात पाणी मुरते, खालच्या घट्ट थरावर ते अडते, आणि दोन थरांची सीमा जिथे उतारावर उघडी पडते तिथून ते पाझरते. त्यामुळे काही ठिकाणी डोंगराच्या एकाच उंचीवर ओळीने झरे आढळतात, आणि ही पातळी समोच्च रेषांच्या नकाशावर शोधणे हा अभ्यासूंनी करून पाहण्याजोगा उद्योग आहे. मात्र झाडाची मुळे जितक्या खोल पोचतात तितकी आपली ओंजळ पोचत नाही. भीमाशंकर किंवा महाबळेश्वरच्या सदाहरित जंगलात मे महिन्यातही सगळेच हिरवे असते. म्हणून काही तेथे प्रत्येक झाडाखाली झरा नसतो. देवराया अपवाद वाटतात, कारण कित्येक देवरायांच्या पोटात खरोखरच बारमाही पाणी असते, पण त्या पाण्याचे नियम गावाने घालून दिलेले असतात आणि ते नकाशावर लिहिलेले नसतात.

काळ्या डागांबाबतही सावध राहावे लागते. उपग्रह-प्रतिमेत पाणी गडद दिसते, विशेषतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. परंतु कड्याची सावली, वणव्याने जळालेले गवत आणि उघडा कातळही गडदच दिसतात. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून कोकणाकडे तोंड असलेल्या कड्यांच्या पायथ्याशी दाट सावली पडलेली असते. नेमक्या तिथल्याच घळी आणि नाळींमध्ये डोह असण्याची शक्यता असते, आणि नेमके तिथेच सावली कोणती आणि पाणी कोणते हे सांगणे अवघड होते.

आता सर्वांत चुकीचे विधान: जे वरून दिसत नाही ते नसतेच. सह्याद्रीतील किल्ल्यांचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वाचून वाईट वाटल्याशिवाय राहणार नाही. आपल्या पूर्वजांनी उन्हाने पाणी आटू नये म्हणून टाकी मुद्दाम खडकाच्या पोटात कोरली, छताला आधार म्हणून खांब सोडले, आणि तोंड लहान ठेवले. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी घ्या. कितीही स्पष्ट प्रतिमा असली तरी त्यांतील पाणी आकाशातून दिसणे शक्य नाही. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात शिवलिंगाभोवती कंबरभर गार पाणी असते आणि त्यावर अख्ख्या डोंगराचे छप्पर असते. उघड्या टाक्यांचा हिशेबही पाहू. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद टाक्याचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर भरते. सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवरील १०० चौरस मीटर, आणि लँडसॅटच्या प्रतिमेतील एक ठिपका ९०० चौरस मीटर भाग दाखवतो. टाके त्या ठिपक्यात विरून जाते. व्यावसायिक उपग्रहांच्या स्पष्ट प्रतिमांत त्याची चौकट दिसू शकते, पण त्यात पाणी आहे, गाळ आहे की नुसती सावली आहे, हे बहुधा त्यांतूनही ठरत नाही. उलट, अशा स्पष्ट प्रतिमांत पाण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह गोष्ट दिसते, ती म्हणजे पायवाटा. उन्हाळ्यातील प्रतिमेत वाडीकडून आणि माळावरून येणाऱ्या गुरांच्या व माणसांच्या वाटा जिथे एकत्र येतात, तिथे पाणवठा असण्याची शक्यता कोणत्याही निळ्या डागापेक्षा जास्त असते.

एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. नकाशात सर्वांत ठसठशीत दिसणारे निळे किंवा काळे चौकोन पुष्कळदा प्लास्टिकचे अस्तर टाकलेली शेततळी असतात. त्यांच्या तिरप्या कडा ओल्या झाल्या की पाय ठरत नाही, आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, आणि अशा तळ्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बाटली भरण्यासाठी तिथे उतरू नये.

जमिनीखालचे पाणी उपग्रहाला दिसते, हा समज बहुधा दोन खऱ्या गोष्टींच्या अर्धवट ऐकण्यातून आला असावा. १९८१ मध्ये अमेरिकी अंतराळयानावरील रडारने इजिप्त आणि सुदानच्या सीमेवरील वाळूखाली दडलेली प्राचीन नद्यांची पात्रे टिपली होती. मात्र ती पात्रे कोरडी होती, आणि वाळू अत्यंत शुष्क होती म्हणूनच रडारलहरी काही मीटर आत शिरू शकल्या. दुसरी गोष्ट २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या उपग्रहजोडीची. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून ते उपग्रह भूजल घटले की वाढले हे सांगत, पण शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशासाठी. एखाद्या पठारावर झरा कुठे आहे, किंवा विंधनविहीर कुठे घ्यावी, याचे उत्तर यांपैकी कोणत्याही साधनाकडे नाही.

पाणी आहे हे पक्के ठरले तरी ते हाती लागेल असे नाही. नकाशावर चारशे मीटरवर दिसणारा डोह प्रत्यक्षात कड्याखाली असू शकतो. तिथे पोचल्यावर ते पाणी पिण्याजोगे आहे का, त्यात मेलेले जनावर पडले आहे का, हे आकाशातून कळत नाही. म्हणून ते गाळून आणि उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकूनच प्यावे.

राहिला वाटाड्याचा आणि ओझ्याचा मुद्दा. दिवसभराचे पाणी सोबत असलेच पाहिजे, आणि वाटेतला पाणवठा हा फक्त जास्तीचा आधार समजावा. पायथ्याच्या वाडीत ‘पाणी आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘गेल्या आठवड्यात कोण वर गेले होते, त्यांनी कोणत्या टाक्याचे पाणी प्यायले’ असे विचारावे. उत्तर देणाऱ्या मावशी किंवा गुराखी रोज तिथे जात असतात. शिवाय ते पाणी कोणाच्या वापराचे आहे, हेही त्यांच्याकडूनच कळते. शहापूर तालुक्याचा नकाशा पाहिला तर भातसा, तानसा, मोडकसागर अशी विस्तीर्ण निळाई दिसते. ते पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक गाव-पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा पाड्याजवळचा झरा नकाशात सापडला, म्हणून दहा-बारा जणांनी तिथे आंघोळी करून आणि बाटल्या भरून निघून जाणे हा त्या बायांवर अन्याय आहे, ज्यांना एक हंडा भरण्यासाठी त्याच झऱ्यावर पहाटेपासून बसावे लागते.