‘जर्मनीत शिक्षण फुकट’: मामांच्या फॉरवर्डला भाचीचं उत्तर

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी मेसेज टाकला: ‘जर्मनीत उच्च शिक्षण १००% मोफत! फक्त विमानाचं तिकीट काढा. पार्टटाइम नोकरीत राहणं-खाणं सुटतं, वर घरी पैसे पाठवता येतात. जर्मन भाषा यायची गरज नाही. बारावीनंतर थेट प्रवेश. कर्जाची कटकट नाही.’ खाली धडाधड अंगठे. मामेभाऊ यंदा बारावीला आहे आणि मी श्टुटगार्टला मास्टर्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला, म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी खरं तेवढं मान्य करते. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी खरोखरच नाही. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशाच नव्या विद्यार्थ्यांकडून फी घेतं, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. खाजगी विद्यापीठं तर वेगळीच, आणि एजंट ‘जर्मनी, जर्मनी’ करत बऱ्याचदा तीच गळ्यात मारतात.

‘फक्त विमानाचं तिकीट’ हे मात्र धादांत खोटं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी जवळपास १२ लाख. एजंट याला ‘फी’ म्हणतात तेही चूक. पैसे आपलेच असतात, फक्त महिन्याला ९९२ युरोच्या हप्त्याने परत मिळतात. गोम इथेच आहे. माझी खोली ४३० युरोची. घरमालकाने चावी द्यायच्या आधी तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागितलं, आणि माझ्या खात्यात त्या महिन्याचा हप्तासुद्धा जमा झाला नव्हता. आईने निघताना पर्समध्ये कोंबलेल्या नोटांवर निभावलं. आरोग्य विम्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. त्याआधी भारतातच एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) १८,००० रुपये आणि व्हिसाचे ७५ युरो गेलेले असतात.

आता नोकरी. परवानगी वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो. मिनीजॉबमध्ये, म्हणजे कमाईवर मर्यादा असलेल्या छोट्या नोकरीत, महिन्याला ६०३ युरोपर्यंत, म्हणजे साधारण ४३ तास. भाडं आणि विमा त्यातून कसाबसा निघतो, जेवण नाही. मिनीजॉबपेक्षा जास्त तास करणारे आहेत, त्यांचं जमतंही. परीक्षेच्या महिन्यात त्यांचे चेहरे बघा, मग घरी पैसे पाठवायचं बोलू.

शिवाय ती नोकरी भाषेशिवाय मिळते कुठे? मास्टर्स इंग्रजीत होतं, हे खरं. मला सुपरमार्केटमध्ये माल लावायचं काम मिळायला पाच महिने लागले. दुसऱ्याच दिवशी एका आजींनी विचारलं, ‘हेफं’ कुठे आहे? मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना साबणाच्या रांगेत नेऊन उभं केलं. साबण म्हणजे ‘झाइफं’. आजींना केकसाठी यीस्ट हवं होतं, आणि ते दुधाच्या फ्रिजमध्ये असतं. आजी हसल्या, सुपरवायझर हसला नाही. पुण्यात मॅक्स म्यूलर भवनात बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून आले असते तर तो प्रसंग टळला असता.

बारावीनंतर थेट प्रवेशही सहसा नाही. आधी भारतात पदवीचं एक वर्ष करा, नाहीतर इथे येऊन श्टुडिएनकोलेग नावाचं पूर्वतयारीचं वर्ष. जेईई अॅडव्हान्स्ड पास झालेल्यांना तांत्रिक शाखांत सूट आहे. पदवीचं शिक्षण बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच.

राहिलं कर्ज. फी कमी म्हणून कर्ज लागत नाही, असं नाही. उलट ते समजावून सांगताना नाकी नऊ येतात. बँकेतल्या साहेबांनी फीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि पप्पांना विचारलं, ‘सेमिस्टरला दीड लाख फी, मग पंधरा लाख कशाला हवेत?’ ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय हे पप्पांनी तीन फेऱ्यांत समजावलं. चौथ्या फेरीला तळेगावच्या प्लॉटचे कागद घेऊन गेले. ते कागद अजून बँकेतच आहेत, मामा.