एच-इंडेक्स दुप्पट, म्हणून आइन्स्टाइनपेक्षा मोठा?

मेंदूविज्ञानाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांचा एच-इंडेक्स, म्हणजे त्यांच्या निबंधांचा इतर संशोधक किती उल्लेख करतात याचं माप, आइन्स्टाइनच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून ते आइन्स्टाइनपेक्षा मोठे, आणि म्हणून त्यांचा ‘मुक्त ऊर्जा’ सिद्धांत (मेंदू सतत जगाचे अंदाज बांधतो आणि त्यांतली चूक कमी करत राहतो, असं सांगणारा) सिद्ध झाल्यात जमा. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, तो आज अडीचशेच्याही पुढे गेला आहे. पण त्यानंतरचे दोन्ही ‘म्हणून’ मला मान्य नाहीत.

आधी तुलनेचं बघू. हे माप होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये सुचवलं. तुमच्या 50 शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान 50 वेळा उल्लेख झाला, तर तुमचा एच-इंडेक्स 50. म्हणजे जितके निबंध लिहिले त्यापलीकडे तो जाऊच शकत नाही. आइन्स्टाइन 1905 चे चार गाजलेले निबंध लिहून थांबला असता तर त्याचा इंडेक्स कायमचा 4 राहिला असता. ते चारही त्यानं एकट्यानं लिहिले होते. फ्रिस्टन यांच्या नावावर हजाराहून जास्त निबंध आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना सहलेखक आहेत. शिवाय सापेक्षता आता पाठ्यपुस्तकात गेली. ती वापरणारा आज मूळ निबंधाचा संदर्भ क्वचितच देतो.

आता खरा मुद्दा. हे उल्लेख होतात कशाचे? स्कॅनरमधून मेंदूचं चित्र येतं ते वोक्सेल नावाच्या बारीक घनांचं. समजा एक लाख वोक्सेल आहेत आणि प्रत्येकाला विचारलं, ‘बोट हलवताना तुझा संकेत बदलला का?’ चुकीची मुभा 5 टक्के ठेवली, तर काहीच घडलेलं नसतानाही सुमारे 5,000 वोक्सेल ‘हो’ म्हणतील. या गोंधळातून वाट काढणारी पद्धत आणि तिचं एसपीएम हे सॉफ्टवेअर फ्रिस्टन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात उभं केलं आणि फुकट वाटलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते वापरलं, आणि वापरलं की संदर्भ द्यावाच लागतो. फ्रिस्टन यांच्या उल्लेखांतला फार मोठा वाटा या हत्यारांचा आहे. नैराश्यावर किंवा स्मृतीवर काम करणारा विद्यार्थी एसपीएमचा संदर्भ देतो, तेव्हा मुक्त ऊर्जेबद्दल तो काहीच म्हणत नसतो. प्रथिनं मोजण्याची रीत सांगणारा लाउरी यांचा 1951 चा निबंध तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे. तेवढ्यावरून त्यांना कुणी डार्विनच्या वर बसवत नाही.

‘इतक्या लोकांनी वापरलं म्हणजे बिनचूकच असणार’ हेही ऐकू येतं. 2016 मध्ये एकलुंड, निकोल्स आणि नटसन यांनी एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या तिन्ही प्रचलित सॉफ्टवेअरची विश्रांत अवस्थेतल्या, म्हणजे कुठलंही काम न दिलेल्या, मेंदूंच्या स्कॅनवर परीक्षा घेतली. सलग पेटलेल्या वोक्सेलांचे पुंजके मोजण्याच्या पद्धतीत, वोक्सेल ‘पेटला’ असं मानण्याचा उंबरठा सैल ठेवला तर, 5 टक्क्यांऐवजी 70 टक्क्यांपर्यंत खोटे निष्कर्ष निघाले. लगेच ‘40,000 अभ्यास बाद’ अशी हाकाटी झाली. तीही अतिशयोक्तीच होती, आणि लेखकांनी तो आकडा मागे घेतला. उंबरठा कडक ठेवला तर चूक आटोक्यात राहते, असं फ्रिस्टन यांच्या गटानं दाखवलं. वाद पुराव्यावर झाला, उल्लेखांच्या संख्येचा त्यात कुणी आधार घेतला नाही.

याचा अर्थ हा आकडा पोकळ आहे असा मुळीच नाही. उत्तम हत्यार घडवून सगळ्यांच्या हाती देणं हे मोठं काम आहे, आणि मला तर ते मुक्त ऊर्जेपेक्षा जास्त भरीव वाटतं.

पण कमी उल्लेख म्हणजे लहान काम, हा उलटा हिशेब मला जास्त सलतो. अ‍ॅलन कॉरमॅक यांनी क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराचा आतला छेद कसा काढता येईल याचं गणित 1963 आणि 1964 मध्ये छापलं. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत त्यांना सर्वांत लक्षवेधी वाटलेली मागणी आली ती स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राकडून. डोंगरावर साचलेला बर्फ तपासायलाही ते गणित लागू पडू शकलं असतं. त्याच गणितासाठी 1979 मध्ये, सीटी स्कॅनर बांधणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याबरोबर, कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.